मोहिमेवरील वळीव : अरकेरे, १७९१

वैशाखाच्या अखेरीस सांगली-तासगांवच्या माळावर दुपारीं ढग दाटूं लागले, कीं वाटसरूचीं पावलें झपझप पडूं लागतात. वळीव वेळ देत नाहीं. आधीं धुळीचा लोट, मग विजांचा कडकडाट आणि घटकाभरांत ओढे दुथडी भरून वाहूं लागतात. एकटा वाटसरू देवळाचा आसरा तरी गांठतो. परंतु हजारों माणसें, बैल आणि अवजड तोफा घेऊन निघालेल्या सैन्यानें आसरा कोठें घ्यावा? या प्रश्नाचें उत्तर १७९१ च्या मे महिन्यांत म्हैसूरच्या मुलखांत मिळालें, आणि त्यांत तासगांवच्या परशुरामभाऊ पटवर्धनांचा मोठा वांटा होता.

टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांची १७९० सालीं एकजूट झाली होती. मुंबईहून कॅप्टन लिटलची पलटण जयगडास उतरली व आंबा घाट चढून भाऊंच्या फौजेस मिळाली. या संयुक्त फौजेनें धारवाडास वेढा घातला. पण किल्लेदार बद्रुज्जमानखान यानें तो सहा महिन्यांहून अधिक काळ झुंजविला. १७९१ च्या एप्रिलच्या आरंभीं धारवाड हातीं आलें, आणि मगच भाऊंना दक्षिणेची वाट मोकळी झाली.

इकडे गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस यानें मार्चमध्यें बंगलूर घेतलें होतें. मित्रांची वाट न पाहतां मे महिन्याच्या आरंभीं तो श्रीरंगपट्टणाकडे निघाला. टिपूनें वाटेवरचा मुलूख उजाड करून ठेवला होता. दाणा नाहीं, वैरण नाहीं. तारीख १३ रोजीं हें सैन्य राजधानीपासून सुमारें नऊ मैलांवर अरकेरे येथें कावेरीच्या कांठीं पोंचलें, तों पावसानें फुगलेली नदी पार होण्याजोगी राहिली नव्हती. तेव्हां समोर तळ देऊन असलेल्या टिपूच्या डाव्या बगलेवर रात्रींच चालून जावें, व पहांटे त्यास गाफील गांठावें, असा बेत ठरला.

१४ तारखेच्या रात्रीं अकरांच्या सुमारास सैन्य निघालें, आणि थोड्याच वेळांत आभाळ फाटलें. विजेच्या लखलखाटानें डोळे दिपावेत आणि लागलीच पुन्हा काळोख व्हावा, अशा स्थितींत पलटणी वाट चुकल्या. बैल जागचे हलेनात. पुढच्यांचा मागच्यांशीं संबंध तुटला, आणि मुक्काट्यानें थांबण्यावांचून गति उरली नाहीं. सकाळ झाली तेव्हां टिपू सावध होता. दिवसाच्या लढाईंत इंग्रजांची सरशी झाली खरी. पण टिपूचें सैन्य किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयास सुखरूप पोंचलें. शत्रूस अचानक गांठण्याची संधि पावसांत वाहून गेली होती.

पुढील आठवडा लढाईहूनहि कठीण गेला. बैल मरत होते. शिपायांचा शिधा घटला होता. छावणींत देवीची साथ होती. २२ मे रोजीं वेढ्याच्या अवजड तोफा कॉर्नवॉलिसनें आपल्याच हातानें निकामी करविल्या, आणि २६ तारखेस माघार सुरू झाली. त्याच दिवशीं दूरवर घोडेस्वार दिसूं लागले. ते टिपूचेच समजून लढण्याची तयारी झाली. जवळ येतांच ते मराठे असल्याचें कळलें! हरिपंत फडके व परशुरामभाऊ मेलुकोट्याच्या आसपास येऊन ठेपले होते. त्यांचे निरोप टिपूच्या लोकांनीं वाटेंतच अडविल्यामुळें, साहाय्य इतकें जवळ असूनहि त्याचा पत्ता नव्हता.

मराठ्यांबरोबर त्यांचा बाजार होता. धान्य, गुरें, कोंकणांतील सुकी मासळी, शालजोड्या, विलायती चाकू, सराफांचीं दुकानें. सारें गांवच जणूं फौजेमागें चालत होतें. मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकारानें या बाजाराचें वर्णन मोठ्या कौतुकानें केलें आहे. भाव मात्र भरमसाट होते, हेंहि इतिहासांत नमूद आहे. अडलेल्या मित्राला फुकट कोणीं दिलें नाहीं. तरी उपाशी छावणी जगली ती या दाण्यावर.

याचा अर्थ मराठ्यांचें सर्व कांहीं बरोबर होतें असा नव्हे. धारवाडाचा वेढा लवकर उरकता, आणि निरोप वेळेवर पोंचते, तर त्या तोफा वांचल्या असत्या. उलट, इंग्रजांची शिस्त व तोफखाना उत्तम. परंतु ओस मुलखांत आणि फुगलेल्या नदीकांठीं सैन्य जगावें कसें, याचा विचार अपुरा. वळवानें ही उणीव निर्माण केली नाहीं. ती उघडी पाडली. कॉर्नवॉलिसनेंहि हा धडा घेतला. पुढील स्वारीपूर्वीं त्यानें धान्य व बैल यांची तजवीज कसोशीनें केली, आणि पावसाळा उलटून गेल्यावर, नऊ महिन्यांनीं, १७९२ च्या फेब्रुवारींत तो पुन्हा श्रीरंगपट्टणापुढें उभा राहिला. मार्चमध्यें तह होऊन टिपूचें सुमारें अर्धें राज्य गेलें.

परशुरामभाऊ १७९९ सालीं पट्टणकुडीच्या लढाईंत पडले. पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त छापून पुढील पिढ्यांस उपलब्ध केले. भाऊंनीं बांधविलेल्या गणपतीच्या देवळाचें सात मजली गोपुर तासगांवांत आजहि उभें आहे. त्याची घडण दक्षिणेकडील आहे. भाऊंच्या कर्नाटकांतील मोहिमांची आठवण तें पाहणाऱ्यास सहज व्हावी. या गोपुरासमोरून मोहिमेच्या गोष्टी सांगतांना तलवारीचें नांव आधीं येतें. अरकेऱ्याच्या रात्रीनंतर मात्र सैन्यास तारलें तें तलवारीनें नव्हे, बैलांच्या पाठीवरून आलेल्या धान्यानें.