‘सेसमी स्ट्रीट’ची देशोदेशीची रूपे

‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालमालिकेच्या धर्तीवर इतर देशांनी आपापल्या मुलांसाठी तयार केलेल्या बाहुल्यांच्या दूरचित्रवाणी मालिका. ब्राझील, मेक्सिको, जर्मनी, कुवेत, रशिया, दक्षिण आफ्रिका, बांगलादेश, भारत, अफगाणिस्तान अशा अनेक देशांत त्या झाल्या. त्यांना भाषांतरित मालिका म्हणणे चूक ठरेल. गल्ली, माणसे, मुख्य बाहुल्या आणि काय शिकवायचे हे सारे त्या त्या देशात नव्याने ठरते. अमेरिकेतून येते ती मुख्यतः काम करण्याची रीत आणि काही तयार चित्रफिती.

ही रीत मूळ मालिकेच्या जन्मातच घडली. जोन गॅन्झ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी 1968 मध्ये ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था काढली (2000 पासून ‘सेसमी वर्कशॉप’). बाहुल्या जिम हेन्सन यांच्या होत्या आणि पहिला भाग 10 नोव्हेंबर 1969 रोजी दाखवला गेला. शिक्षणतज्ज्ञ, संशोधक आणि निर्माते यांनी पहिल्यापासून एकत्र बसायचे आणि तयार झालेला तुकडा प्रसारणाआधी मुलांना दाखवून पाहायचा, हा नियम होता. संशोधक एडवर्ड पामर टीव्हीशेजारी दुसरा पडदा लावत. त्यावर काही सेकंदांनी चित्र बदलत राही आणि मुलाची नजर टीव्हीवरून नेमकी कधी हटते याची नोंद होई. खरी माणसे आणि बाहुल्या एकाच दृश्यात आणू नका, मुले गोंधळतील, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. चाचणीत उलटेच दिसले. रस्त्यावर नुसती माणसे आली की मुलांचे लक्ष उडे. मग हेन्सन यांनी त्या रस्त्यासाठी बिग बर्ड हा भलामोठा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर तयार केला. पुढे अनेक देशांतल्या मालिकांत माणसांच्या वस्तीत एक थोराड, भाबडा प्राणी आढळतो, त्याचे मूळ या चाचणीत आहे.

परदेशांतून मागणी लगेच आली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या बालविभागाने मालिका नाकारली. मुलांना साच्यात बसवण्याचा तिचा हेतू त्यांना पटला नाही. ब्राझील आणि मेक्सिको येथे 1972 मध्ये स्वतंत्र मालिका सुरू झाल्या. जर्मनीत 1973 मध्ये मूळ मालिकाच जर्मन आवाज देऊन दाखवली गेली, पण बव्हेरियाच्या प्रसारण संस्थेने ती घेतली नाही. न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीचा तो रस्ता अनेक पालकांना परका वाटला, ऑस्करही खटकला. अखेर 1978 पासून हॅम्बुर्गच्या स्टुडिओत जर्मन गल्ली उभी राहिली आणि सॅमसन हे अस्वल व टिफी ही गुलाबी पक्षीण तिथे राहायला आली. नुसता आवाज बदलून भागत नाही, हा धडा जर्मनीने सर्वांआधी दिला. कुवेतमध्ये 1979 मध्ये आलेल्या ‘इफ्तह या सिमसिम’ने अनेक अरब देशांतील मुलांना कळावी म्हणून प्रमाण अरबी वापरली.

बाहुलीचे तंत्र मात्र सगळीकडे सारखेच असते आणि ते शिकावे लागते. बाहुली चालवणारा खाली राहून हात डोक्यावर उंच धरतो. एक हात बाहुलीच्या तोंडात असतो, त्यामुळे दोन्ही हातांनी वस्तू हाताळणाऱ्या बाहुलीला दोन माणसे लागतात. बाहुली कशी दिसते आहे हे त्याला समोरच्या मॉनिटरवरच कळते, आणि तिथले चित्र आरशासारखे उलटे नसल्याने सुरुवातीला डावे-उजवे हमखास चुकते. शब्दाच्या प्रत्येक उच्चारखंडाला जबडा उघडायचा, नजर समोरच्यावर ठेवायची आणि हे सगळे करत स्वतःच्या आवाजात अभिनय करायचा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनी नाचते आणि जिवंत प्रेक्षकांसमोर उभी राहते. या मालिकांत मात्र सगळा खेळ कॅमेऱ्याच्या चौकटीपुरता असतो. म्हणून नव्या देशातल्या कलावंतांना अमेरिकी बाहुलीकार आधी प्रशिक्षण देतात.

रशियात या तंत्रावरूनच पहिला वाद झाला. निर्मात्या नताशा लान्स रोगॉफ यांनी ‘मपेट्स इन मॉस्को’ (2022) या पुस्तकात तो सांगितला आहे: आमच्याकडे शतकांची बाहुलीपरंपरा असताना अमेरिकी बाहुल्या कशाला, असे तिथल्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता. ओआरटी या रशियन दूरचित्रवाणी वाहिनीचे प्रमुख व्लादिस्लाव लिस्त्येव यांची मार्च 1995 मध्ये हत्या झाली. मालिकेच्या कचेरीत सशस्त्र सैनिक शिरून सामान घेऊन गेले. तरीही 1996 मध्ये ‘उलित्सा सेझाम’ सुरू झाली. तिचा नायक झेलिबोबा हा ओक वृक्षात राहणारा केसाळ प्राणी लोककथांतल्या घरभुतांच्या कुळातला आहे. त्याला संगीताचा वास येतो! असले पात्र न्यू यॉर्कमध्ये बसून कोणाला सुचले नसते.

भारतात ‘गली गली सिम सिम’ 15 ऑगस्ट 2006 रोजी सुरू झाली. शाळेच्या गणवेशातली पाच वर्षांची चमकी, भांगडावेडा सिंह बूम्बा, प्रश्न विचारणारा गुगली आणि शिंक आली की भलतीकडे जाऊन पोहोचणारी आंछू ही तिची पात्रे. चमकीची निवड सर्वांत विचारपूर्वक झालेली दिसते. शाळेत जाणारी, धीट, सगळ्यांना प्रश्न करणारी मुलगी गल्लीच्या मधोमध ठेवली की मुलींच्या शिक्षणावर वेगळे प्रवचन लागत नाही. ज्या घरांत टीव्ही नाही त्यांच्यासाठी भाजीच्या हातगाडीवर टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर बसवून भाग वस्त्यांत नेण्यात आले. कार्यक्रम सामुदायिक रेडिओवरही आला. मालिका मुळात हिंदीत होती, आणि ही तिची खरी मर्यादा. दक्षिण आफ्रिकेच्या ‘टाकालानी सेसमी’ने (2000) एकाच मालिकेत देशातल्या अनेक भाषा नांदवल्या. शाळेत जाण्याआधीच्या मराठी, कन्नड किंवा ओडिया मुलाला मात्र चमकीची भाषा परकीच. बांगलादेशच्या ‘सिसिमपुर’ला (2005) ही अडचण नव्हती. वडाचे झाड, चहाचे दुकान आणि मासे आवडणारा वाघ हालुम अशी ती अस्सल बंगाली गल्ली आहे.

काही ठिकाणी गल्ली कोणाची, हाच प्रश्न होता. इस्रायली-पॅलेस्टिनी संयुक्त मालिकेत (1998) दोन्हीकडची पात्रे एकाच रस्त्यावर राहतात असे दाखवायला पॅलेस्टिनी निर्मात्यांनी नकार दिला. मग दोन स्वतंत्र रस्ते दाखवून पात्रांच्या भेटी घडवण्यात आल्या. कोसोवोत अल्बेनियन मुले रोमन लिपी शिकतात, सर्ब मुले सिरिलिकही. दुसऱ्याची अक्षरे पडद्यावर दिसणे कोणालाच सोसणारे नव्हते. म्हणून लेखी अक्षर टाळून मुलांच्याच तोंडून दोन्ही भाषांतील शब्द ऐकवणारा चित्रकोश केला गेला. अक्षर शिकवण्यासाठी जन्मलेल्या मालिकेने अक्षर सोडावे, हा निर्णय धाडसाचा होता.

समाजाला अवघड वाटणारी गोष्ट बाहुलीकडून वदवून घेण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘टाकालानी सेसमी’मधील कामी. 2002 मध्ये आलेली ही पाच वर्षांची बाहुली एचआयव्हीबाधित आहे आणि तिची आई एड्सने गेलेली आहे. ती अमेरिकी मालिकेत येणार की काय, या शंकेने तिथल्या काही काँग्रेस सदस्यांनी पत्र लिहिले. दक्षिण आफ्रिकेत मात्र तिच्यामुळे बाधित मुलांशी खेळण्याची भीती मुलांसमोर उघडपणे बोलता आली. मुलींच्या शिक्षणाबाबत असेच काम करण्यासाठी अफगाणिस्तानच्या ‘बाग़चे सिमसिम’मध्ये (2011) 2016 साली झारी ही सहा वर्षांची मुलगी आली. पुढच्या वर्षी तिला झीरक हा धाकटा भाऊ देण्यात आला. बहिणीला शाळेत जाताना पाहून आपणही शाळेत जावे असे त्याला वाटते.