बाशिंगाचा कागद आणि चुड्याची कांच

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगांव फाटा या नांवाची वस्ती आहे. 'फाटा' हा शब्दच सांगतो कीं, ही वस्ती नदीच्या घाटामुळें किंवा एखाद्या गढीमुळें नव्हे, तर रस्त्यामुळें नांवारूपास आली. जालन्याकडून मंठ्यावरून येणारी वाट येथें दुभंगते. एक सेलूकडे जाते, दुसरी चारठाणा-जिंतुराकडे वळते. अशा जागीं कागदाचे कारखाने किंवा कांचेच्या भट्ट्या शोधूं गेल्यास हातीं कांहींच लागणार नाहीं. परंतु नकाशा पुढें ओढून पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. वायव्येस दौलताबादेजवळ कागजीपुरा आहे, आणि उत्तरेस, मंठ्याच्या पलीकडे, लोणारचें खारें सरोवर आहे. लग्नघरास लागणाऱ्या दोन नाजूक वस्तूंचा, म्हणजे कागदाचा आणि कांचेचा, मराठवाड्यांतील इतिहास या दोन ठिकाणांपासून सांगावा लागतो. फाट्यावरील माणूस या दोन्ही वस्तू केवळ विकत घेतो. पण इतिहास घेणाऱ्याचाही असतो.

प्रथम कागदाकडे वळूं या. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली व तिचें नांव दौलताबाद ठेविलें, हें शाळकरी मुलांनाही ठाऊक असतें. तो खटाटोप फसला म्हणून त्याची थट्टाही पुष्कळ झाली आहे. मात्र सुलतान परत फिरला तरी त्याच्या मागोमाग आलेले सगळेच कारागीर परत फिरले नाहींत. त्यांत कागद करणारेही होते, आणि दौलताबादेहून खुलताबादेकडे जातांना लागणारें कागजीपुरा हें त्यांनींच वसविलें, अशी तेथील परंपरा आहे. फसलेल्या राजकारणाचें एवढें टिकाऊ फळ क्वचितच पाहावयास मिळतें.

हा कागद ज्या रीतीनें होई ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तींत टाकाऊ म्हणून कांहीं नसेच. जुनीं दोरखंडें, फाटकें गोणपाट, ताग आणि चिंध्या हा कच्चा माल. तो तोडून, चुन्याच्या व सज्जीखाराच्या पाण्यांत भिजवून, पायानें चालविण्याच्या जड मुसळाखालीं कुटावयाचा, वाहत्या पाण्यांत धुवावयाचा आणि पुन्हां कुटावयाचा. अशा कित्येक फेऱ्या झाल्यावर जो लगदा होई तो हौदाच्या पाण्यांत कालवीत. कारागीर हौदाच्या कडेला उकिडवा बसून गवताच्या काड्यांची, घोड्याच्या केसांनीं गुंफलेली जाळी पाण्यांत बुडवी, सावकाश वर उचली, आणि पाणी निथळून गेलें कीं जाळीवर राहिलेला ओला पापुद्रा अलगद थप्पीवर उतरवी. एका पापुद्र्यावर दुसरा असा ठेवला तरी ते एकमेकांस चिकटत नसत; यांतच हाताचें कसब होतें. पुढें ते दाबून, एकेक सुटा करून, सारवलेल्या भिंतीवर कुंचल्यानें डकवीत. वाळल्यावर खळ द्यावयाची आणि गुळगुळीत दगडानें घोटावयाचें. घोटल्यावांचून बोरू त्यावर चालत नसे, शाई फुटे.

दौलताबादी कागदाचे बहादुरखानी, अफशानी असे निरनिराळे प्रकार होते. अफशानी म्हणजे ज्यावर सोन्याचा वर्ख शिंपडला आहे असा. हा साध्या हिशेबाचा कागद नव्हे, हें सांगावयास नकोच. मानाचीं पत्रें आणि श्रीमंतांचीं निमंत्रणें अशांसाठींच तो असे. इकडे मराठी दरबारांत जुन्नरी कागदास मान होता. १७८३ सालीं सवाई माधवरावांचें लग्न पुण्यास झालें, तेव्हां नाना फडणिसांनीं मानपानाचीं व बंदोबस्ताचीं कलमें तपशिलानें लिहविलीं. लग्नासाठीं कागद लागतो तो पहिल्यानें असा, यादीसाठीं, ही गोष्ट ज्या घरीं कार्य होऊन गेलें आहे त्यांना समजावून द्यावयास नको.

सामान्य घरीं मात्र निमंत्रण कागदावर जात नसे. अक्षत जाई. उपाध्याय किंवा घरचें माणूस कुंकवानें रंगविलेले तांदूळ घेऊन दारोदार हिंडे व मुखानें मुहूर्त सांगे. कागद लागे तो जोशीबोवांनीं मांडलेल्या लग्नपत्रिकेसाठीं. ती हळदकुंकू लावून देवापुढें ठेवीत. छापखाने झाले तेव्हां हळदकुंकवाचीं बोटें छापील कुंकुमपत्रिकेच्या कोपऱ्यांवर आलीं. याच्या उलट, मृत्यूची वार्ता घेऊन येणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. तें वाचून लागलीच टाकून देत, घरांत ठेवीत नसत. निरक्षर बाईलाही पत्र हातीं येतांच, तें उघडण्यापूर्वींच, तें कसलें आहे हें कळे.

परंतु लग्नांतला खरा कागद पत्रिकेचा नव्हे, बाशिंगाचा. शहरांत मोत्यांच्या मुंडावळ्यांनीं बाशिंगाची जागा केव्हांच घेतली, व त्यामुळें कित्येक सुशिक्षित घरांतील मुलांना हा शब्द 'गुडघ्याला बाशिंग' या म्हणीपुरताच ठाऊक आहे. बाशिंग म्हणजे वधूवरांच्या कपाळावर बांधावयाचा उभा मुकुट. हाच शब्द कानडींत आहे आणि तेलुगूंत त्याचा 'बासिकम्' होतो. ज्या प्रदेशांत मराठी, कानडी आणि तेलुगू यांच्या सीमा एकमेकींस लागतात, तेथील लग्नविधि कसे परस्परांत मिसळले आहेत याची ही खूण होय.

बाशिंग करण्याचें काम जिनगर, चितारी अशा कारागिरांचें. कागदावर कागद खळीनें चिकटवून प्रथम पुठ्ठा करावयाचा; कसर लागूं नये म्हणून खळींत थोडें मोरचूद घालीत. त्या पुठ्ठ्यास कमानीचा किंवा कळसाचा आकार द्यावयाचा, वर रंगीत कागद मढवावयाचा, आणि मग बेगड. बेगड ही सोन्याची बतावणी खरी, पण मशालीच्या उजेडांत ती सोन्याहून अधिक चमके. पाणभेंडाचा पांढरा गाभा सुरीनें पातळ सोलून त्याच्या पाकळ्या करीत. आरशाचे बारीक तुकडे आणि कांचेचे मणी जागोजाग बसवीत. कडेला झिरमिळ्या सोडीत. शेतांत राबणारा मुलगा त्या एका दिवसापुरता राजा होई. मंडपांतल्या पताका, मखर आणि वरातींतलीं कागदाचीं झाडेंफुलें यांमागेंही हेंच हस्तकौशल्य असे. अशीं कामें पदार्थसंग्रहालयांत फारशीं आढळत नाहींत, आणि त्याचें कारण उघड आहे: तीं टिकावींत म्हणून कोणी केलींच नव्हतीं. राजवाड्यांतलें भांडें शतकानुशतकें राहतें. लग्नांतलें बाशिंग पुढच्या पावसाळ्यापर्यंतही राहत नाहीं. कलेच्या इतिहासकारांनीं त्याकडे जें दुर्लक्ष केलें तें या नश्वरतेमुळें असेल, तसें गरिबाघरच्या वस्तूकडे पाहण्याच्या संवयीमुळेंही असेल.

आतां कांच. लोणारचें सरोवर उल्कापातानें झालें, हें शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे. काळ्या कातळांतील तो सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा होय. २०२० सालीं रामसर करारान्वयें त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणना झाली. परंतु पूर्वीच्या लोकांना त्याचें महत्त्व निराळ्याच कारणानें होतें. अबुल फजल 'ऐन-इ-अकबरी'त लोणारविषयीं लिहितांना सांगतो कीं, कांच आणि साबण करण्यास जें जें लागतें तें तेथें मिळतें, आणि त्यापासून सरकारास उत्पन्नही होतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावर खाराचे थर दिसत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्या निरनिराळ्या खारांचीं नांवें होतीं. वाळू नुसती वितळावयास फार मोठा जाळ लागतो, लांकडाच्या भट्टीस तो झेपत नाहीं. तींत सोड्याचा खार मिसळला कीं ती पुष्कळ कमी उष्णतेंत वितळते. कांचेचें सारें रहस्य या खारांत आहे. तोच सोडा कागदाचा लगदा स्वच्छ करण्यासही लागे, ही या दोन धंद्यांतली सोयरीक.

दख्खनच्या मातींत लोखंडाचा अंश असतो, आणि लोखंड कांचेंत गेलें कीं तिला हिरवट किंवा काळसर छटा येते. यावरून नवरीचा हिरवा चुडा आणि मंगळसूत्रांतले काळे मणी या मातीनेंच दिले, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. हिरवा रंग पिकाचा, भरल्या शेताचा म्हणून मंगल ठरला, आणि तो उत्तम साधण्यास तांब्याचा उपयोग कारागीर जाणूनबुजून करीत. काळा मणी दृष्टीसाठीं. माणसांनीं रंग निवडले ते अर्थासाठीं. मातीनें त्यांस आडकाठी केली नाहीं, एवढेंच म्हणतां येईल.

बांगडीचा जुनेपणा उत्खननांनीं उजेडांत आणिला. सातवाहनकाळीं तेर, नेवासें अशा ठिकाणीं शंखाच्या बांगड्यांचा प्रघात होता, तशी कांचही ठाऊक होती. पण घरोघरच्या बायकांच्या हातीं कांच आली ती त्यानंतर पुष्कळ शतकांनीं. १९४५-४६ मध्यें कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर डॉ. सांकळिया व मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं खोदकाम केलें, तेव्हां बहमनी काळच्या थरांतून कांचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. पुढें नेवाशासही तसेच मिळाले. काळ्या कांचेच्या गाभ्यावर पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या कांचेच्या रेघा ओढलेल्या अशा त्या रंगीबेरंगी बांगड्या होत. दीक्षितांनीं पुढें भारतीय कांचेचा इतिहासच लिहिला. तो १९६९ मध्यें मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केला. ज्या तुकड्यांना अंगणांतला केर म्हणून कोणीही झाडून टाकील, त्यांवरून एका विद्वानानें दख्खनच्या बायकांच्या हातांचा शतकाशतकांचा इतिहास जुळविला.

१९०० सालीं मनमाडाहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे पुरी झाली व सेलू, परभणी हीं तिच्यावरचीं स्टेशनें झालीं. आगगाडीनें जसा कापूस बाहेर नेला तसा यंत्राचा स्वस्त कागद आणि परदेशी बांगडी आंत आणली. त्या काळीं बांगड्या ऑस्ट्रियाकडून व बोहेमियांतून येत. १९१४ चें महायुद्ध पेटल्यावर त्या बंद पडल्या आणि जपाननें ती जागा घेतली. आग्र्याजवळचें फिरोजाबाद पुढें आलें, आणि आज देशांतील कांचेची बहुतेक बांगडी तेथलीच असते. महाराष्ट्रानेंही हातपाय हालविले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून, एकेक पैसा गोळा करून, १९०८ मध्यें तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. १९१६ मध्यें कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं आपला कारखाना काढला, आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. पुष्कळ खेड्यांत लग्नाचा मंडप त्याच कंदिलाच्या उजेडांत उभा राहिला. कागदाच्या बाबतींत १९३४ मध्यें स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें वर्ध्यास हातकागद पुन्हां हातीं घेतला आणि १९४० मध्यें पुण्यास शिवाजीनगर भागांत हातकागद संस्था सुरू झाली. कागजीपुऱ्यास हा धंदा आज हातावर मोजण्याइतक्या घरांपुरता उरला आहे. तेथें आतां दोरखंडांच्या दप्तरी कागदाऐवजीं पत्रिका आणि पाकिटें होतात, म्हणजे हातकागद ज्या लग्नघरांतून हद्दपार झाला होता तेथेंच, शहरी हौसेच्या वाटेनें, परत शिरला आहे.

बांगडी भरणें हा मात्र अजून माणसाच्या हाताचाच व्यवहार आहे. कासार किंवा मणियार घरीं येतो, चटईवर बसतो, नवरीचा हात हातांत घेऊन अंगठ्याखालचा भाग हळूहळू दाबीत, बोलण्यांत गुंतवून, बांगडी कधीं वर सरकवितो तें तिला कळतही नाहीं. परक्या पुरुषानें हात धरण्याची मुभा जुन्या समाजानें यालाच दिली होती, आणि मराठवाड्यांत तो बहुधा मुसलमान मणियार असे, तरी कोणास त्यांत वावगें वाटलें नाहीं. भरतांना बांगडी पिचली तर 'फुटली' म्हणावयाचें नाहीं, 'वाढली' म्हणावयाचें. ही भाषेची काळजी कशासाठीं, हें प्रत्येक बाईला ठाऊक होतें. नवरा गेला म्हणजे त्याच हातावरचा चुडा दगडावर फोडीत, आणि तोही बहुधा दुसऱ्या बायकांच्याच हातून. मंगल वस्तूला एवढें नाजूक केलें कीं ती मोडतांना आवाज व्हावा, हा योग्य न्याय होता काय, असा प्रश्न सुधारकांनीं विचारला; गांवांनीं तो फार उशिरां ऐकला. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवेच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत राज्य शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींसही तसें करण्यास सांगितलें. ठराव कागदावर आहे. तो मनगटापर्यंत पोंचण्यास किती वर्षें लागतील, हें ज्या त्या गांवच्या बायकाच सांगूं शकतील.

फुटक्या बांगड्यांचा एक निराळा उपयोग मुलींनीं पूर्वीपासून शोधून ठेविला आहे. त्यांचे रंगीत तुकडे जमवून त्या कांचापाण्याचा खेळ मांडतात. आणि जे तुकडे खेळांतूनही उरतात ते भंगारवाला घेऊन जातो. नव्या कांचेच्या मिश्रणांत जुन्या कांचेचा चुरा घातला म्हणजे तें लौकर वितळतें, म्हणून भट्टीवाल्यांना तो नेहमींच हवा असतो.