बाबासाहेबांनी ‘जादा’ विषय का घेतले?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या पापडीतच काय, वसई-विरारच्या कुठल्याही वस्तीत एकच प्रश्न ऐकू येतो : ‘हा विषय घेऊन नोकरी मिळेल का?’ पहाटेची लोकल पकडून कामावर जाणाऱ्या बापाने हा प्रश्न विचारू नये असे कोण म्हणेल? पण एवढा एकच प्रश्न विचारला की इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, पाली हे विषय आपोआप बाद होतात. ते शिकायचे कोणी? ज्यांच्या घरात चार पिढ्यांची पुंजी आहे त्यांनी. म्हणजे हिशेब लिहायचा आपण आणि इतिहास लिहायचा त्यांनी. ही वाटणी नवी नाही, म्हणून तिचा इतिहास तपासायला हवा.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य मुलाला ती भाषा शिकवायला नकार मिळाला आणि त्याला फारसी घ्यावी लागली. त्याला शाळेत प्रवेश होता, बाकावर जागा होती, पण एक विषय बंद होता. नेमका तोच, ज्यात धर्मशास्त्रे लिहिलेली होती. या नकाराची किंमत काय होती, हे १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिसते. संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे बाबासाहेब तिथे मोकळेपणाने मान्य करतात आणि पंधरा वर्षे इंग्रजी भाषांतरांतून हे साहित्य अभ्यासल्याचे सांगतात. शाळेतला एक नकार भरून काढायला पंधरा वर्षांचे वाचन लागले!

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी इलिनॉर झेलियट यांनी दिली आहे : अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी १. एकूण ६०. त्यातले ३१ अर्थशास्त्राबाहेरचे. आजच्या भाषेत सांगायचे तर निम्म्याहून अधिक विषय ‘जादा’.

या जादा विषयांनी काय दिले? ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, ही त्याची मांडणी. आज आंतरजातीय विवाहावर आपण जो युक्तिवाद करतो त्याचे मूळ तिथे आहे. ‘मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, मला मानववंशशास्त्र कशाला?’ असे त्या तरुणाने म्हटले असते तर? तत्त्वज्ञानाच्या वर्गात जॉन ड्यूई भेटले, आणि वीस वर्षांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी आपल्या या गुरूचे ऋण नोंदवले. मुख्य विषयही सुटला नाही. १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ प्रसिद्ध झाला, १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली. १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडताना कायदा, जमिनीचे अर्थकारण आणि गावगाड्याचे समाजशास्त्र ही तिन्ही ज्ञाने एका माणसाकडे होती. जात ही एका विषयात मावणारी गोष्टच नाही. मग तिच्याशी लढणारा एका विषयावर कसा लढेल?

आता आपल्याच तालुक्याकडे पाहा. सोपाऱ्याच्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले आणि आतून बौद्ध स्तूप निघाला : दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे नाणे. सोपाऱ्यालाच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला सापडला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. निरर्थक विधींपेक्षा दास-सेवकांशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे तो नववा लेख सांगतो.

हे सगळे कळले कशाने? ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, नाणकशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्या जोरावर. त्या विषयांचा जाणकार येईपर्यंत स्तूप हा ‘कोट’च होता. आपला वारसा आपल्या पायाखाली असून चालत नाही, तो वाचता यावा लागतो. आज आपण बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याला जातो, मेणबत्त्या लावतो. पण तो लेख मुळातून वाचू शकणारी किती मुले आपल्या वस्तीत आहेत?

त्याच १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी त्यांनी काय मागितले? मोडी-बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब तर हवाच, पण सोबत इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती, नीती आणि आरोग्यही. ‘कामापुरते शिकवा’ असे जोतिबा म्हणाले नाहीत.

‘हे ठीक आहे, पण आधी पोटाचे बघू’ असा आक्षेप येईल. बाबासाहेबांनी तो गृहीत धरला होता. २० जून १९४६ रोजी मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. कारकुनी करणाऱ्या मुलाने नुसते कारकुनीपुरते शिकावे असे त्यांनी मानले नाही. त्याला कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा खुल्या केल्या.

नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आणले आहेत. कागदावर दार उघडले. पण ज्या कॉलेजात शिक्षकांची पदेच रिकामी, तिथे विद्यार्थी निवडणार काय? असतील ते दोन-तीन विषय! म्हणून प्रश्न दुहेरी आहे. शासनाकडे आपण शिष्यवृत्तीसाठी जसे भांडतो तसे विषय आणि प्राध्यापक यांच्यासाठीही भांडले पाहिजे. आणि घरात, कॉमर्सला जाणाऱ्या मुलीला सांगितले पाहिजे की बाई, इलेक्टिव्ह निवडताना ‘सोपे मार्क’ बघू नकोस. इतिहास घे, पाली घे, मानसशास्त्र घे. इंजिनीअर होणाऱ्याने राज्यघटना वाचावी, आणि बीए करणाऱ्याने आकडेवारीला घाबरू नये. आरक्षणाविरुद्ध बोलणारे आकडेच तोंडावर फेकतात, ते तपासता आले पाहिजेत.

एक विषय नोकरी देईल, ती घ्यावीच. पण दुसऱ्याने सांगितलेला आपला इतिहास खरा की खोटा, हे ठरवायला बाकीचे विषय लागतात. ते आपल्या पूर्वजांना नाकारले गेले होते. आता ते आपण स्वतःहून सोडून द्यायचे का?

जयभीम!