बांधावरचा दगडी पाला : एका घरगुती औषधाचा इतिहास

पत्रिकेवर आजचा विषय 'यारो आणि जखमेवरची घरगुती औषधं' असा छापलाय. विषय हातात आला तेव्हाच मी संयोजकांना म्हटलं, अहो, सास्तूरचं सगळं शिवार पालथं घातलं तरी यारोचं एक पान मिळायचं नाही. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. (हशा)

यारो ही थंड मुलखातली वनस्पती. आपल्या देशात ती काश्मीर-हिमाचलच्या उंचीवर उगवते. पान इतकं बारीक चिरलेलं असतं की लॅटिन नावाचा अर्धा भाग 'हजार पानांची' असाच आहे. उरलेला अर्धा भाग अकिलीज या ग्रीक योद्ध्यावरून आला. इलियडमध्ये एका जखमी वीराच्या मांडीतला बाण काढून अकिलीजचा मित्र पॅट्रोक्लस जखम कोमट पाण्यानं धुतो आणि तिच्यावर एक कडू मूळ चुरडून लावतो. गंमत अशी, की होमर त्या मुळाचं नाव सांगतच नाही. यारोचं नाव नंतरच्या लोकांनी तिथं नेऊन चिकटवलं. औषधांच्या इतिहासात हे वारंवार होतं. औषध आधी हाताशी असतं, थोर पूर्वज मागून शोधला जातो. फ्रान्समधल्या खेड्यांत हीच वनस्पती 'सुतारांची' म्हणून ओळखली जाई. पटाशी बोटाला लागली की पाला चुरडून लावायचा. मला या नावात अकिलीजच्या गोष्टीपेक्षा जास्त इतिहास दिसतो.

दख्खनला यारो माहीतच नव्हती असंही नाही. युनानी हकीम तिला बिरंजासिफ म्हणतात. विल्यम डायमॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1890 च्या सुमारास भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. तसल्या जुन्या याद्यांत तिचं मुंबईकडचं नाव 'रोजमारी' असं सापडतं. स्वयंपाकातल्या रोजमेरीशी तिची गल्लत करू नका, ती वेगळी. आपला हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथं युनानीला राजाश्रय होता. पण बिरंजासिफ म्हणजे अत्ताराच्या दुकानातली वाळकी पुडी. दाम मोजून आणायची वस्तू. खुरपताना बोट कापलं तर बाई काय अत्ताराकडे धावणार आहे?

मग ती काय करते? सांगा.

(श्रोत्यांतून : दगडी पाला! एकदांडी!)

बरोबर. कुणी कंबरमोडीही म्हणतं. बांधावर, रस्त्याकडेला, दगडांच्या फटीत पसरलेलं रोप. पानं खरखरीत, लवदार. एका लांब दांडीवर एकच फूल, मधे पिवळं आणि कडेनं फिकट पाकळ्या, म्हणून एकदांडी. पाला हातावर चोळायचा, रस जखमेवर पिळायचा, चोथा वर दाबून धरायचा. सुतारांच्या यारोचं काम इथं दगडी पाला करतो. दोघांचं कूळही एकच, सूर्यफुलाचं.

आता इथून पुढची गोष्ट मला स्वतःला पचायला वेळ लागला. दगडी पाला आपला नाही. तो उष्ण अमेरिकेतला आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1753 साली वनस्पतींची जी मोठी यादी छापली, तिच्यात यारो आणि दगडी पाला दोघांचीही नावं आहेत, आणि दगडी पाल्याचं ठिकाण दिलंय मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ. भारतात तो नक्की कोणत्या जहाजातून उतरला ते कुणी टिपून ठेवलं नाही. पण 1880 च्या सुमारास हूकरच्या भारतीय वनस्पतींच्या ग्रंथात तो इथं रुळलेलं तण म्हणून हजर आहे. म्हणजे आपण ज्याला 'पूर्वापार' म्हणतो ते औषध चरकाला ठाऊक नव्हतं, सुश्रुतालाही नव्हतं. ज्ञानेश्वरांनी आळंदीच्या वाटेवर हे फूल पाहिलेलं नाही.

म्हणून ते खोटं ठरतं का? मला उलट वाटतं. सुश्रुतानं रक्त थांबवण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. त्यातलं संधान तुरट द्रव्यांनी करायचं. तुरट रस जखम आवळतो ही समज आपल्याकडे जुनी आहे. बाभळीची साल हे त्यातलंच. माझा तर्क असा, की नवं रोप बांधावर आलं तेव्हा कुणीतरी पान चुरडून पाहिलं, रस बोटाला लावून पाहिला, आणि जुन्या कोनाड्यात नवी वस्तू ठेवून दिली. हे करणारी बहुधा खुरपं हातात असलेली बाई असणार. तिनं ते शेजारणीला सांगितलं. मिरची अशीच आली आणि आज तिच्यावाचून ठेचा नाही.

गुण आहे का? 1980 च्या दशकापासून आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी दगडी पाल्यावर काम केलंय, आणि जखम भरण्यावर त्याचा परिणाम दिसलाय. मात्र यातलं बहुतेक काम उंदरांवरचं आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. पाला बांधावरचा असतो, बांधावर शेणमाती असते, शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असतात. वरवरचं खरचटणं असेल, पाला आणि हात धुतलेले असतील, तर ठीक. जखम खोल असेल, गंजका पत्रा लागला असेल, तर पाला नाही. तुमच्या गावात स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, तिथं जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. नवजात बाळाच्या नाळेला राख, शेण लावायच्या चालीनं या देशात किती बाळं गेली! बाळंतिणीचा आणि बाळाचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं शिक्कामोर्तब व्हायला 2015 साल उजाडावं लागलं. घरगुती औषधाचा इतिहास सांगताना हा भाग गाळणारा माणूस मला आवडत नाही.

आता हळदीकडे येतो. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? लेखी पुराव्याच्या. जुने संस्कृत-उर्दू ग्रंथ, छापील लेख मांडले गेले. 'आमची आजी लावायची' हे तिथं चाललं नसतं. हळदीला ग्रंथ होते. दगडी पाल्याला प्राचीन ग्रंथ असूच शकत नाही, कारण तो आलाच काल-परवा. त्याचा पुरावा म्हणजे माणसं.

आणि माणसांबद्दल या गावात मी काय बोलणार? 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीची माळवदं. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर, तिकडे किल्लारी, आणि आजूबाजूची कितीतरी गावं. मेलेल्यांचे आकडे आपण दरवर्षी वाचतो. त्यांच्याबरोबर काय काय गेलं त्याचा आकडा नाही. कोणत्या तापाला कोणता काढा, गुराचं पोट फुगलं तर काय पाजायचं, कोणता पाला कधीच लावायचा नाही, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ते त्या भिंतींखाली गेलं. मग गावं नव्या जागी वसली, शेजार बदलले, सांगणारी एकीकडे आणि ऐकणारी दुसरीकडे झाली.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक लोकजैवविविधता नोंदवही असावी असं ठरवलंय. डॉ. माधव गाडगीळांनी या कल्पनेचा फार पाठपुरावा केला. या वहीत वनस्पतीचं स्थानिक नाव, उपयोग, वापरायची रीत आणि माहिती कुणी सांगितली हे लिहायचं असतं. या शेवटच्या रकान्यासाठी मी आज आलोय. वही मागच्या टेबलावर आहे. घाई नाही, मी सातच्या गाडीपर्यंत थांबणार आहे.

(श्रोत्यांतून एक आजी : पाला हातावर चोळायचा न्हाई, दगडावर वाटायचा. दुसऱ्या आजी : दगडावर कशाला? तळहातावरच चोळतेत.)

थांबा, थांबा. दोन्ही लिहितो. आजी, आधी तुम्ही सांगा.