नागपूर हायकोर्टातले दोघे

नालवाडी म्हटलं की लोक विनोबांबद्दल बोलतात. मला मात्र न्या. मोहम्मद हिदायतुल्लांबद्दल बोलायचंय. वर्धा जिल्ह्यातलं अपील पूर्वी मध्य प्रांताच्या नागपूर हायकोर्टात जायचं. हिदायतुल्ला तिथे १९३० पासून वकील, १९४६ पासून न्यायाधीश आणि १९५४ पासून मुख्य न्यायाधीश. १९५६ ला राज्य मोडलं. नागपूर-वर्धा मुंबई राज्यात आले, ते जबलपूरला गेले. १९५८ ला सुप्रीम कोर्ट.

आपल्याकडे त्यांची ओळख ‘पहिले मुस्लिम सरन्यायाधीश’ (१९६८) इथेच संपते. अभिमान मलाही आहे, पण एवढीच ओळख त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते.

१९६४ चा सज्जनसिंह खटला घ्या. घटनादुरुस्ती करून संसद मूलभूत हक्क कमी करू शकते का? सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांसह तिघे म्हणाले, करू शकते. दोघांनी शंका घेतली : हिदायतुल्ला आणि अमरावतीचे जनार्दन मुधोळकर. दोघेही आपल्या जुन्या नागपूर हायकोर्टातले! हक्क इतक्या सहज बदलता येत असतील तर ते मूलभूत कसले, हा हिदायतुल्लांचा आक्षेप. मुधोळकरांनी विचारलं, घटनेच्या पायाभूत वैशिष्ट्यांना हात लावणं ही दुरुस्ती, की घटनेचं पुनर्लेखन?

१९६७ ला गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला, संसदेला हक्क कमी करता येत नाहीत. त्या सहांत हिदायतुल्ला होते, निकालपत्र मात्र स्वतंत्र लिहिलेलं. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात गोलकनाथचा निकाल रद्द झाला. पण मुधोळकरांचा तो प्रश्न ‘मूलभूत संरचना’ या नावाने कायदा झाला.