यंत्र आणि यंत्र वापरणारे : लंडन रुग्णवाहिका सेवेचा १९९२ चा अनुभव

शासकीय सेवेत नवी संगणकप्रणाली आणावयाचा निर्णय वरिष्ठ अधिकारी घेतात. ती रोज वापरावी लागते ती मात्र, त्या निर्णयात ज्यांना स्थान नसते अशा कर्मचाऱ्यांना. प्रणाली फसली म्हणजे दोष बहुधा यंत्राच्या नाही तर कर्मचाऱ्यांच्या माथी मारला जातो. परंतु यंत्र बिघडलेले नसताना आणि कर्मचारी आपापल्या जागी काम करीत असतानाही कारभार कोलमडू शकतो. लंडन रुग्णवाहिका सेवेत १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये नेमके हेच घडले. फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालामुळे या घटनेचा तपशील अभ्यासकांना उपलब्ध झाला आहे.

ही सेवा त्या काळी सुमारे ६०० चौरस मैलांच्या क्षेत्रातील ६८ लक्ष रहिवाशांसाठी काम करीत असे. तिच्याकडे रोज दोन ते अडीच हजार दूरध्वनी येत. त्यांपैकी १,३०० ते १,६०० तातडीचे असत. जुनी कार्यपद्धती कागदावर चालणारी होती. दूरध्वनी घेणारा कर्मचारी माहिती छापील नमुन्यावर लिही व नकाशावर घटनास्थळ शोधी. तो कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई. लंडनच्या तीन विभागांपैकी योग्य त्या विभागाचा वाटपकर्ता कोणती गाडी पाठवावयाची ते ठरवी. ही पद्धती मंद होती व तिच्यात चुकांना वाव होता, याविषयी दुमत नव्हते. तिच्या जागी संगणक आणण्याचा एक प्रयत्न १९९० मध्ये, सुमारे ७५ लक्ष पौंड खर्ची पडल्यावर, सोडून द्यावा लागला होता.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी वातावरण निवळलेले नव्हते. १९८९-९० मध्ये रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संघर्ष होऊन गेला होता आणि व्यवस्थापन व कर्मचारी यांच्यात अविश्वास होता. नव्या प्रणालीच्या अपेक्षांचा मसुदा १९९० च्या अखेरीपासून तयार झाला. संघटनांच्या प्रतिनिधींना निमंत्रणे गेली होती. पण गाडीवरील कर्मचाऱ्यांचा त्यात फारसा सहभाग नव्हता. त्यांच्या सवयी ही दूर सारावयाची अडचण आहे, आणि संगणक आला की ती आपोआप दूर होईल, अशी व्यवस्थापनाची धारणा होती.

या धारणेतील चूक मूलभूत स्वरूपाची होती. जुन्या पद्धतीत वाटपकर्ता आणि गाडीवरील कर्मचारी यांच्यात ध्वनिसंदेशांद्वारे बोलणे चाले. ‘अमुक ठिकाणी पोचलो’, ‘रस्ता बंद आहे’, ‘दुसरी गाडी घेऊन निघालो’ अशा संभाषणातून चुकीची माहिती तेथल्या तेथे दुरुस्त होई. नव्या रचनेत हे बोलणे शक्य तितके कमी करून त्याच्या जागी ठरावीक बटणे आली. प्रत्येक गाडी कोठे आहे व कोणत्या अवस्थेत आहे, याची जवळजवळ निर्दोष माहिती संगणकाला सतत मिळेल, असे गृहीत धरले गेले. वास्तवात मात्र घाईत बटण दाबावयाचे राहून जाई, क्रम चुके, काही भागांत संदेश पोचत नसत, आणि कधी कर्मचारी नेमून दिलेली गाडी सोडून दुसरी नेत. वापरणाऱ्यांपैकी कोणीही हे आधीच सांगू शकला असता. पण ते विचारावयाचे कोणाच्या कामाचा भागच नव्हते. मुखाने चालणारा व्यवहार कागदावर उतरविताना त्याचा निम्मा अर्थ गळून पडतो, आणि तो ज्यांच्या मुखी असतो त्यांच्याशिवाय दुसरा कोणी तो परत भरून देऊ शकत नाही.

ठरलेली तारीख उलटून गेल्यावर, ज्ञात असलेले ८१ दोष शिल्लक असताना व पूर्ण भाराची चाचणी झालेली नसताना, २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण लंडनसाठी प्रणाली सुरू करण्यात आली. कर्मचाऱ्यांना दिलेले शिक्षण या विलंबामुळे विस्मरणात जाऊ लागले होते. नियंत्रणकक्षातील बैठकव्यवस्था त्याच दिवशी बदलली आणि कागदाचा आधारही उरला नाही. माहितीतील चुका साचत गेल्या. एकाच घटनास्थळी दोन गाड्या पोचू लागल्या, तर जवळची गाडी मोकळी असून दूरची पाठविली जाऊ लागली. त्रुटिसूचनांची रांग पडद्यावरून सरकून दृष्टीआड झाली. गाडी न आलेल्या लोकांनी पुन्हा दूरध्वनी केले व भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी दुपारी सेवा काही अंशी जुन्या पद्धतीकडे वळली. २८ ऑक्टोबर रोजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. ४ नोव्हेंबरच्या पहाटे प्रणाली खरोखरीच बंद पडली, आणि तिचे कारण निव्वळ तांत्रिक होते. आज्ञावलीतील एका चुकीमुळे प्रत्येक गाडीच्या पाठवणीबरोबर संगणकाची थोडी स्मृती अडकून राहत होती व सुमारे तीन आठवड्यांत ती संपली. असा दोष वापरणाऱ्यांच्या सहभागाने टळला असता, असे म्हणता येत नाही. परंतु ऑक्टोबरमधील दोन दिवसांविषयी अहवालाचा निष्कर्ष याहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे : त्या दिवशी संगणक तांत्रिक अर्थाने निकामी झाला नव्हता, ज्या रीतीने तो घडविला होता त्याच रीतीने तो चालला. दोष घडणीत होता. पहिल्या प्रकारचा दोष कुशल तंत्रज्ञ शोधून काढतो. दुसऱ्या प्रकारचा दोष त्याला दिसतच नाही, कारण त्याच्या हाती दिलेल्या मसुद्यातच तो लिहिलेला असतो.

चौकशी मंडळाने संगणकीकरण सोडून देण्याची शिफारस केली नाही. ते टप्प्याटप्प्याने व वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन व्हावे, असे सुचविले. १९९६ मध्ये सेवेने नवी प्रणाली आणली, तेव्हा आरंभ केवळ दूरध्वनी नोंदविण्याच्या कामापासून झाला. तिच्या घडणीत नियंत्रणकक्षातील कर्मचाऱ्यांचे मत घेतले गेले, आणि एक टप्पा अंगवळणी पडल्यावर पुढचा हाती घेण्यात आला. ही प्रणाली टिकली. शहर तेच होते आणि कामाचे स्वरूपही तेच. पालटला होता तो प्रश्न विचारण्याचा क्रम. वापरणाऱ्यांचा सहभाग हा लोकशाही सौजन्याचा विषय मानला जातो. लंडनच्या अनुभवावरून मात्र असे म्हणावे लागते की, तो प्रथमतः ज्ञानाचा विषय आहे : काम काय आहे, हे ते काम करणाऱ्यांवाचून पूर्णपणे कोणालाच ठाऊक नसते.