उंदराच्या पेशींवर वाढलेली कातडी

भाजलेल्यांच्या वॉर्डात नोकरी केलेल्या आम्हा सिस्टरांना एक हिशेब कायम डोक्यात ठेवावा लागतो: किती टक्के जळलंय आणि किती कातडी शिल्लक आहे. मांडीची साल काढायची, तिची जाळी करून जखमेवर पसरायची. पण मांड्याही जळाल्या असतील तर? दान मिळालेली त्वचा काही आठवडे जखम झाकते, मग शरीर ती टाकून देतं.

यावरचा उपाय हॉवर्ड ग्रीन या शास्त्रज्ञाच्या हाती लागला, तो त्वचेच्या शोधात नव्हे. 1962 मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी आणि जॉर्ज टोडारोंनी उंदराच्या गर्भातल्या पेशींचा एक वाण वाढवायला घेतला, थ्री-टी-थ्री नावाचा. पुढे एमआयटीत जेम्स राइनवाल्ड हा त्यांचा विद्यार्थी उंदराच्या एका गाठीतल्या पेशी वाढवत होता. त्यांत त्वचेसारख्या पेशी दिसल्या, पण थ्री-टी-थ्रीची सोबत असेल तरच त्या तगत. मग माणसाची त्वचा घेतली. उंदराच्या पेशींवर किरणांचा मारा करायचा, म्हणजे त्या जिवंत राहतात पण वाढत नाहीत. त्यांच्या आधाराने माणसाच्या पेशी वाढतात. 1975 मध्ये हे प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रियेचं कौतुक सगळे करतात. मी पहिला मान त्या उंदराच्या पेशींना देईन.

1983 मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधले पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ बोस्टनला आणले गेले. दोघंही 95 टक्क्यांहून जास्त भाजलेले. काखेतली इवलीशी कातडी घेऊन ती ग्रीन यांच्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढवली. साईसारखे पातळ पापुद्रे गॉजवर घेऊन मुलांच्या अंगावर बसवले. जवळपास निम्मं शरीर त्या पापुद्र्यांनी झाकलं. दोघं वाचले. ते पापुद्रे हाताळणाऱ्या तिथल्या सिस्टरांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ड्रेसिंग बदलताना किती जपावं लागलं असेल!

ग्रीन यांच्याकडे शिकलेले मिकेले दे लुका यांनी इटलीत, मोदेनाला, ही विद्या पुढे नेली. जनुकीय दोषामुळे जर्मनीतल्या एका सात वर्षांच्या मुलाची त्वचा सारखी सोलवटत होती. त्याच्याच पेशींत निरोगी जनुक घालून कातडी वाढवली आणि 2015 पासून टप्प्याटप्प्याने त्याच्या सुमारे 80 टक्के अंगावर ती लावली. ती टिकली.

तरी या कातडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, केसांची मुळं नाहीत. मोठा भाग भाजून वाचलेल्या माणसाचं अंग उन्हात तापतं आणि घामाने निवत नाही. आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अशा पेशंटांना ओल्या फडक्याने पुसून काढायचं काम अजून नातेवाइकांनाच करावं लागतं.